लाल खडूतला वध

लॉस एंजेलिसच्या जे. पॉल गेटी संग्रहालयात एक लहानसा कागद आहे. उंची 24.4 सेंटीमीटर, रुंदी 20.7. नेहमीच्या ए-फोर कागदापेक्षा बुटका. त्यावर लाल खडूनं एक खून काढला आहे. मारणारा वर, मरणारा खाली, आणि दोघांची शरीरं एकमेकांत अशी अडकलेली की बघणाऱ्याला आधी हातपाय वेगळे करून घ्यावे लागतात. चित्रकार जोव्हान्नी अंतोनिओ दे साक्किस, त्याच्या गावाच्या नावानं ओळखला जाणारा पोर्देनोने. काळ साधारण 1526 ते 1528. विषय आहे वेरोनाच्या संत पीटरचं, म्हणजे तेराव्या शतकातल्या एका डॉमिनिकन साधूचं, हौतात्म्य.

हे पूर्ण चित्र नव्हे, तयारी आहे. व्हेनिसच्या सांती जोव्हान्नी ए पाओलो या डॉमिनिकन चर्चमध्ये संत पीटरच्या नावानं चालणारी एक धर्मबंधूंची मंडळी होती, तिला आपल्या वेदीसाठी नवं मोठं चित्र हवं होतं. त्या कामासाठी पाल्मा व्हेक्यो, पोर्देनोने आणि तिशियन अशी तिघांची चुरस झाली असं परंपरा सांगते. काम तिशियनला मिळालं. त्याचं चित्र 1530 च्या एप्रिलमध्ये वेदीवर चढलं आणि पुढची तीन शतकं ते युरोपातल्या सर्वात नावाजलेल्या चित्रांपैकी एक होतं. पोर्देनोनेच्या हाती उरली ती रेखाटनं. गेटीतला लाल खडूचा कागद त्यातलाच. याच विषयाचं त्याचं अधिक पूर्ण केलेलं, वरून कमानदार असं रेखाटन फ्लॉरेन्सच्या उफिझीत आहे.

घटना खरी आहे. 6 एप्रिल 1252 रोजी पीटर कोमोहून मिलानकडे पायी निघाला होता. बार्लासिनाजवळच्या रानात त्याला गाठून मारलं. मारेकरी भाड्याचा होता, नाव कारिनो. सोबतचा साधू दोमेनिको याच्यावरही वार झाले आणि तो काही दिवसांनी गेला. एका वर्षाच्या आत, मार्च 1253 मध्ये, पोपनं पीटरला संत जाहीर केलं. इतक्या झटपट संतपद चर्चच्या इतिहासात दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. कारिनोनं पुढे पश्चात्ताप केला आणि तो फोर्लीला त्याच डॉमिनिकन पंथाच्या मठात सेवेकरी बंधू म्हणून राहिला. मरताना पीटरनं आपल्याच रक्तानं जमिनीवर 'माझी देवावर श्रद्धा आहे' या अर्थाचे लॅटिन शब्द लिहिले, ही मात्र आख्यायिका. पण चित्रकारांना या आख्यायिकेचा फार उपयोग झाला, कारण तिच्यामुळे पडलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी काम मिळतं.

आता खडूकडे येऊ, कारण या कागदावरचं बरंचसं त्यानंच ठरवलेलं आहे.

तेव्हाचा लाल खडू कारखान्यात बनत नसे, तो खाणीतून यायचा. माती आणि हेमटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड. आपल्याकडे अंगणाच्या कडेला आणि तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू याच जातीचा. फरक घट्टपणाचा आहे. गेरू हाताला लागतो, चुरतो, पाण्यात कालवावा लागतो. चित्रकाराला असा दगड हवा की जो करवतीनं कापून त्याची कांडी होईल, चाकूनं टोक काढता येईल आणि तरी कागदावर लगेच रंग सोडेल. माती जास्त असेल तर खडू मऊ राहतो, रेघ जाड येते, टोक दोन मिनिटांत बोथट होतं. लोह जास्त असेल तर तो कडक होतो, रेघ फिकट येते आणि दाबलं की कागदावर ओरखडा उठतो. एकाच कांडीत मध्येच वाळूचा कण निघतो, आणि नेमका गालाची गोलाई फिरवताना कागद खरवडला जातो. जुन्या रेखाटनांत असे बारीक खरखरीत चरे दिसतात. अठराव्या शतकापासून रंगाची पूड आणि चिकटवण वापरून बनवलेले एकसारखे खडू सर्रास झाले, त्यांत ते दिसत नाहीत. कागद खरा जुना आहे की नंतरचा, हे ठरवताना जाणकार ज्या गोष्टी बघतात त्यांतली ही एक.

काळा खडूही दगडच, कार्बन असलेला मऊ पाटीचा दगड. चेन्नीनो चेन्नीनीनं 1400 च्या सुमाराच्या आपल्या कारागिरीच्या ग्रंथात पिएमोन्तेहून येणाऱ्या, चाकूनं टोक काढता येणाऱ्या काळ्या दगडाचा उल्लेख केला आहे. काळ्या खडूचा पल्ला मोठा. कागदाच्या पांढऱ्यापासून थेट काळोखापर्यंत जाता येतं. व्हेनिसच्या चित्रकारांचा ओढा म्हणूनच त्याच्याकडे जास्त होता, आणि बरेचदा निळ्या कागदावर, पांढऱ्या खडूचे उजेड वरून देत. लाल खडूला तो पल्ला नाही. कितीही दाबा, त्याचा सर्वात गडद टोन मध्यमच राहतो. म्हणजे सगळा उजेड आणि सगळी सावली त्या अर्ध्या सप्तकात बसवायची.

मग लाल खडू का घ्यायचा? शरीरासाठी. लिओनार्दोनं 1490 च्या दशकात तो मन लावून वापरला, मायकेलअँजेलोनं सिस्टीन छताच्या तयारीत वापरला, आणि नंतर आंद्रेआ देल सार्तो, पोंतोर्मो, कोरेज्जो यांनी त्याला नित्याचं साधन केलं. रेघ आणि छाया एकाच हातातून, एकाच रंगात निघतात. शाईत आधी रेघ मारा, मग कुंचला घेऊन छाया भरा, अशी दोन कामं होतात. खडूत टोकानं कड काढायची, तोच खडू आडवा करून स्नायूची गोलाई द्यायची. कोपरापासून मनगटापर्यंत जाताना बाह्यरेषा कुठे संपली आणि छाया कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. दोन माणसं झटापटीत अडकलेली असताना हे फार कामाचं असतं, कारण तिथे कुणाची कड कुणाच्या पुढे आहे हाच मुख्य प्रश्न असतो. कड तुटली, पुढे हलकी झाली, की तो भाग मागे गेला. जोर देऊन गडद केली की पुढे आला.

हे सगळं करताना एक धाक सतत असतो. लाल खडू नीट पुसला जात नाही. कोळसा पिसानं झटकला की जातो. शिशाच्या लेखणीची रेघ पावाच्या मऊ गरानं निघते. लाल खडूचा कण कागदाच्या दाण्यात बसला की फिका होतो, पण डाग ठेवून जातो. म्हणून सुरुवात बोथट धातूच्या टोकानं, रंग न उमटवता, नुसती खाच पाडून करायची पद्धत होती. अशी खाच समोरून दिसत नाही, बाजूनं तिरका प्रकाश टाकला की दिसते. त्यानंतर खडूचा अगदी हलका हात, कागदाला जेमतेम लागेल इतका. जागा पक्की झाली की दुसरा हात, छायेच्या समांतर रेघा. शेवटी मोजक्या ठिकाणी, म्हणजे काखेत, गुडघ्याच्या मागे, बोटांच्या फटीत, टोक ओलं करून गडद ठिपके. ओल्या टोकाची रेघ सुकल्यावर घट्ट, दाट लाल दिसते आणि तिच्यात कागदाचा दाणा चमकत नाही. ही शेवटची पायरी लवकर घेतली तर चित्र संपतं, कारण ओल्या रेघेवरून मागे जाता येत नाही. आणि मधल्या पायरीला जोर जास्त लागला तर कागदाचा दाणा बुजतो, त्यावर पुढचा थर बसतच नाही, खडू नुसता घसरतो. ज्या रेखाटनात सावल्या गुळगुळीत, मेणचट वाटतात, तिथे बहुधा हेच झालेलं असतं.

कागदाचंही नाटक आहेच. तो लिननच्या जुन्या कापडाच्या चिंध्यांचा, तारेच्या जाळीवर गाळलेला, आणि जनावराच्या कातड्याच्या सरसात बुडवून वाळवलेला असे. सरस कमी पडला तर ओला खडू फुटतो, रेघेला झालर येते. सरस जास्त झाला तर पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि खडू पकड घेत नाही. आकारही ठरलेले असत. बोलोन्यात कागदाची चार मापं संगमरवरात कोरून लावली होती, त्यांतलं सर्वात लहान साधारण 45 बाय 31.5 सेंटीमीटरचं. ते मधोमध दुमडलं की 31.5 बाय 22.5. गेटीतला कागद त्या अर्ध्या तावात सहज बसतो. बहुतेक जुन्या रेखाटनांच्या कडा पुढच्या संग्राहकांनी छाटल्या आहेत, तेव्हा आज जे माप दिसतं ते मूळचं असेलच असं धरून चालू नये.

हौतात्म्याचं चित्र काढणाऱ्यापुढे एक फार अवघड काम असतं, आणि ते रक्ताचं नाही. मारणारा माणूस काढणं सोपं असतं. उगारलेला हात, रोवलेला पाय, पिळलेली कंबर, हे सगळं चित्रशाळेत शेकडो वेळा काढलेलं असतं. प्राचीन शिल्पांतूनही ते उचलता येतं. अवघड आहे तो मरणारा. त्यानं प्रतिकार करायचा नाही, कारण तो संत आहे. पण तो निर्जीवही दिसता कामा नये, कारण अजून मेलेला नाही आणि त्याची श्रद्धा जागी आहे. म्हणजे शरीर पडतंय, पण इच्छा पडलेली नाही. हे दाखवायला चेहरा पुरत नाही. लांबून, मेणबत्तीच्या उजेडात, चेहरा कुणाला दिसतो? ते वजनातून दाखवावं लागतं. कुठला भाग जमिनीनं पूर्ण घेतला आहे, आणि कुठला अजून त्या माणसाच्या ताब्यात आहे.

रेखाटनात हे कसं ठरतं ते बघण्यासारखं आहे. जो भाग जमिनीवर टेकला, तिथे जमीन आणि शरीर यांच्या मधली सावली अरुंद आणि गडद हवी. ती जरा रुंद झाली की शरीर तरंगायला लागतं. खांदा टेकला असेल तर मान आणि खांदा यांच्यामधला कोन मिटतो, कातडी दुमडते. कोपरावर भार असेल तर दंडाचा मागचा स्नायू ताठ होतो आणि खांदा कानाकडे सरकतो. चित्रशाळेत हातमदतनीस मुलांनाच असं पाडून, पाठीखाली उशी नाही तर पेटी देऊन काढत. तिथे हमखास एक गोष्ट बिघडते. पाच मिनिटांत मुलाचं अंग सैल पडतं, सगळा भार पाठीखालच्या पेटीवर जातो आणि चित्रातला संत झोपलेला दिसायला लागतो. पडताना शरीराचा एक भाग नेहमी उशिरा पडतो, हात किंवा डोकं. तो उशीर धरला की पडणं दिसतं. म्हणून चांगला चित्रकार आधी संपूर्ण पिंड एका झटक्यात, अगदी हलक्या रेघेत धरतो आणि मग तपशिलासाठी त्या मुलाला पुन्हा पुन्हा, थोडा थोडा वेळ उभं-आडवं करतो.

पोर्देनोनेची खरी ओढ होती फोरशॉर्टनिंगची, म्हणजे बघणाऱ्याकडे येणारं शरीर आखूड करून दाखवण्याची. शरीर बघणाऱ्याच्या दिशेनं यावं, चित्राच्या चौकटीतून बाहेर घुसावं. क्रेमोनाच्या कॅथेड्रलमध्ये 1521 मध्ये त्यानं काढलेलं क्रूसारोहण बघा. तिथे घोडे आणि शिपाई भिंतीत राहायला तयारच नाहीत. वधाच्या विषयात तर त्याला मोकळं रान मिळालं, कारण पडलेलं शरीर बघणाऱ्याकडे पाय किंवा डोकं करून ठेवता येतं.

पण फोरशॉर्टनिंगचा हिशेब अंतरावर असतो, आणि तो चुकला की सगळं बिघडतं. समजा 170 सेंटीमीटर उंचीचा माणूस चित्रकाराकडे पाय करून झोपला आहे. चित्रकाराचा डोळा पायांपासून 2 मीटरवर असेल तर डोकं 3.7 मीटरवर पडतं. म्हणजे पाय डोक्याच्या मानानं 1.85 पट मोठ्या प्रमाणात दिसतील. पाऊल 25 सेंटीमीटरचं आणि डोकं 22 चं धरलं, तर कागदावर पाऊल डोक्याच्या दुपटीहून मोठं येतं. आता चित्रकार मागे सरकून पायांपासून 6 मीटरवर गेला तर प्रमाण 1.28 वर येतं आणि चित्र निवळतं. चित्रशाळा लहान असते, मॉडेल जवळ असतो, कागद मांडीवर असतो. जवळून काढलेलं ते अजस्र पाऊल तसंच मोठं करून वेदीवर चढवलं तर चर्चमध्ये 8-10 मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ते व्यंग वाटेल. संयमी चित्रकार इथे डोळ्याला दिसतं त्यापेक्षा कमी काढतात. पोर्देनोने कमी काढणाऱ्यातला नव्हता. त्याला तो धक्का हवाच होता, आणि मला त्याचं ते धाडस मनापासून आवडतं.

आणखी एक अडचण या विषयापुरतीच आहे. डॉमिनिकन साधूंचा वेष म्हणजे पांढरा झगा आणि त्यावर काळी कफनी. रंगीत चित्रात ही जोडी आयती नाट्यमय आहे, आणि रानाच्या हिरव्या-तपकिरीत ती लांबून ओळखू येते. लाल खडूत दोन्ही लालच. पांढरा झगा दाखवायला कागद मोकळा सोडावा लागतो, घड्यांच्या खोल भागात तेवढी रेघ. कफनी गडद करायची म्हटली तर खडूचा सगळा साठा तिथेच संपतो, आणि मग मारेकऱ्याच्या स्नायूंसाठी काही उरत नाही. निवड करावीच लागते. लाल खडूच्या अशा अभ्यासचित्रांत कपडा पुष्कळदा सूचनेपुरता आणि शरीर पूर्ण, असं दिसतं ते याचमुळे. कपड्याचा अभ्यास वेगळ्या कागदावर, काळ्या खडूत करता येतो.

वेदीचं चित्र साधारण 5 मीटर उंच आणि 3 मीटरहून जरा जास्त रुंद होतं. गेटीतल्या कागदाची रुंदी 3.06 मीटरवर न्यायची म्हटली तर जवळजवळ 15 पट मोठं करावं लागेल. त्या हिशेबानं उंची 3.6 मीटर होते. म्हणजे वर सुमारे 1.4 मीटर उरतं, झाडांसाठी, आकाशासाठी, हौतात्म्याची खजुराची फांदी घेऊन येणाऱ्या देवदूतांसाठी. हा माझा हिशेब, आणि कागद छाटलेला असेल तर आकडे सरकतील. पण एवढं कळतं की अशा अभ्यासात चित्रकार आधी माणसांची गाठ सोडवत होता, आणि झाडं नंतरचं काम होतं. 15 पटीचा अर्थ आणखी एका ठिकाणी बोचतो. खडूची 1 मिलिमीटर जाड रेघ मोठी होताना दीड सेंटीमीटर होते. हाताची कड त्या रेघेच्या आतल्या बाजूला धरायची की बाहेरच्या, हे रंगवणाऱ्याला नव्यानं ठरवावं लागतं, आणि सबंध आकृतीत असे निर्णय एकाच बाजूला झुकले तर सडपातळ संत धिप्पाड होऊन बसतो. त्यासाठी मधला मोठा कागद, म्हणजे कार्टून, पुन्हा खऱ्या आकारात, पुन्हा मॉडेल बघून करावा लागे.

लहानाचं मोठं करायला चौकटी आखत. रेखाटनावर समान चौकोन, पटावर तितकेच चौकोन, खडूत माखलेली दोरी ताणून टिचकी मारली की लांब सरळ रेघ मिळते. चौकोनात मग फक्त एवढंच बघायचं, की रेघ कडेला कुठे छेदते. एका कागदावरून तितक्याच आकारात दुसऱ्या कागदावर न्यायचं असेल तर बाह्यरेषेवर सुईनं भोकं पाडून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत, आपल्याकडे भरतकामाचं डिझाइन कापडावर छापतात तसंच. राफाएलनं 1510 च्या सुमारास केलेल्या 'निष्पाप बालकांची कत्तल' या विषयाच्या तयारीत हे जसंच्या तसं सापडतं. ब्रिटिश म्युझियममधल्या शाईच्या रेखाटनावर भोकं आहेत, आणि इंग्लंडच्या राजसंग्रहातल्या लाल खडूच्या कागदावर त्या भोकांतून पडलेले कोळशाचे ठिपके खडूखाली आहेत. तेच शिपाई, तेच नग्न देह, पण दुसऱ्या कागदावर तो पुन्हा नव्यानं विचार करतो आहे. छाया बदलतात, एखादी आकृती येते. ही बालकं चर्चच्या परंपरेत हुतात्मेच मानली जातात, म्हणून या दोन कागदांचा पोर्देनोनेच्या कागदाशी संबंध विषयानंही आहे.

खडूचं रेखाटन संग्रहात गेल्यावरही सुखात नसतं. खडू सुटा असतो. समोरच्या पानावर त्याची फिकट उलटी छाप उतरते. कधी ती मुद्दाम घेत, ओला कागद वर ठेवून दाबून. अशी प्रतिछाप ओळखायची सोपी खूण रेघांच्या कलात असते. उजव्या हाताचा चित्रकार छायेच्या रेघा सहसा वर उजवीकडून खाली डावीकडे मारतो. छापेत त्या उलट्या होतात आणि चित्र डावखुऱ्यानं काढल्यासारखं वाटतं. शिवाय दाबानं सगळे टोन सारखे, बसके होतात. ज्या कागदावर रेघा उलट्या कलतात आणि ओल्या टोकाचे गडद ठिपके कुठेच जोरकस नाहीत, त्याकडे संशयानं बघावं. संग्रहालयं असे कागद साधारण 50 लक्सच्या मंद उजेडात आणि थोड्याच महिन्यांसाठी मांडतात. लाल खडूचा रंग उडत नाही, लोह आहे ते. काळजी कागदाची असते, तो पिवळा आणि ठिसूळ होतो. आणि कागद पिवळा झाला की चित्रातला उजेडच जातो, कारण उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद.

इथे संताबद्दल एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला पटत नाही. पीटर धर्मद्रोही ठरवलेल्या कॅथार लोकांविरुद्ध प्रचार करत असे, आणि 1251 मध्ये पोपनं त्याला लोम्बार्डीसाठी इन्क्विझिटर, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारा न्यायाधीश, नेमलं होतं. त्याचं स्वतःचं घराणंही कॅथार होतं. ज्यांनी मारेकरी धाडला त्यांची त्याच्याशी जुनी वैरं होती. गोव्यात 1560 ते 1812 या काळात, मधली काही वर्षं वगळता, इन्क्विझिशन चाललं. त्याची आठवण असलेल्या मराठी आणि कोकणी घरांतल्या वाचकाला या हौतात्म्याकडे निव्वळ भक्तीनं बघणं जड जाईल, आणि ते योग्यच आहे. पण रेखाटन बघताना एक जाणवतं. तिथे पीटरचं पद दिसत नाही. दिसतो एक पायी चालणारा माणूस, ज्याला वाटेत आडवं केलं. ज्यांनी चित्राचे पैसे द्यायचे होते त्यांना न्यायाधीशाचा गौरव हवा असेल, पण खडू हातात धरणाऱ्याला गुडघा, बरगडी आणि जमीन यांचाच प्रश्न सोडवायचा होता. त्या प्रश्नात दोन्ही बाजूंच्या बळींना जागा आहे असं मला वाटतं.

तिशियन का जिंकला, याचं एक उत्तर मार्तीनो रोतानं त्याच्या चित्रावरून कोरलेल्या छापचित्रात दिसतं. तिशियननं माणसांची गाठ सैल केली. सोबतचा साधू डावीकडे पळत सुटला आहे, त्याची कफनी वाऱ्यानं फुगली आहे, मारेकरी पडलेल्या पीटरवर उभा आहे, आणि या तिघांच्या वर अर्ध्याहून अधिक चित्र उंच झाडांनी घेतलं आहे. झाडं वाकतात, फांद्यांतून देवदूत उतरतात, आणि पीटरचा वर गेलेला हात नजर तिकडे नेतो. खालच्या हिंसेला वर जायला वाट आहे. पोर्देनोनेनं ती वाट ठेवली नाही, त्यानं दोघांना एकमेकांवर दाबून ठेवलं. वेदीसाठी तिशियनचं उत्तर जास्त योग्य होतं, कारण वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्याला मृत्यूच्या पलीकडचं काही दिसायला हवं. पण त्या क्षणाचं जडपण, एका माणसाचा सगळा भार दुसऱ्यावर असणं, पोर्देनोनेच्या लाल कागदात जास्त आहे. तिशियनच्याही तयारीचे शाईतले काही झटपट आराखडे फ्रान्समधल्या लीलच्या संग्रहालयात आहेत. त्यांत तोही आधी मारेकरी आणि पडलेला माणूस याच जोडीभोवती घुटमळतो, कोन बदलत राहतो.

तिशियनचं मूळ चित्र आज नाही. नेपोलियनच्या फौजांनी ते पॅरिसला नेलं, तिथे ते लाकडी फळीवरून कॅनव्हासवर उतरवलं गेलं, पुढे व्हेनिसला परत आलं. त्याच चर्चच्या रोझरी चॅपेलमध्ये ते तात्पुरतं ठेवलेलं असताना 16 ऑगस्ट 1867 च्या रात्री आग लागली, आणि ते जोव्हान्नी बेल्लिनीच्या एका वेदीचित्रासह जळून गेलं. वेदीवर आता योहान कार्ल लोथनं सतराव्या शतकात केलेली प्रत आहे. आकार खरा कळतो, रचना कळते, हात कळत नाही.

म्हणून ज्याला या स्पर्धेचा अंदाज घ्यायचा आहे त्यानं गेटीच्या संकेतस्थळावरची प्रतिमा मोठी करून बघावी, आणि शेजारी रोताचं छापचित्र उघडून ठेवावं. आधी चेहरे बघू नयेत. जमिनीजवळची सावली शोधावी, ती किती अरुंद आहे ते बघावं. मग सर्वात गडद पाच-सहा ठिपके शोधावेत. तिथे चित्रकारानं शेवटी हात टेकवला, म्हणजे त्याच्या मते चित्राचे सांधे तिथे आहेत. मग एकच बाह्यरेषा धरावी, मारेकऱ्याच्या खांद्यापासून त्याच्या पायापर्यंत, आणि ती कुठे तुटते ते मोजावं. जमलं तर ट्रेसिंग पेपरवर ती एकच रेघ लाल कॉन्ते पेन्सिलीनं, म्हणजे खडूच्या पेन्सिलीनं, न पुसता, एका दमात ओढून बघावी. दाणा असलेला जाडसर कागद घेतला तर खडूची पकड आणखी कळेल. गुळगुळीत प्रिंटिंग पेपरवर मात्र करू नये, तिथे रेघ चमकते आणि छाया बसत नाही.